वेशीवरचा थंड वायू

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात उभारलेल्या सान मार्को तळावरून एक लहानसा उपग्रह सुटला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून उपग्रहाचे नाव ठेवले ‘उहुरू’. स्वाहिलीत त्याचा अर्थ स्वातंत्र्य. क्ष-किरणांत सबंध आकाश चाळण्यासाठी सोडलेला हा पहिलाच उपग्रह. रिकार्डो जियाकोनी आणि त्यांचे सहकारी त्याच्या नोंदी लावायला बसले, तेव्हा दीर्घिकांचे मोठमोठे समूह क्ष-किरणांत उजळलेले दिसले. नवल असे, की हा उजेड एकेका दीर्घिकेचा नव्हता. दीर्घिकांच्या मधली जागा, जिला तोवर सगळे पोकळी समजत होते, तीच तळपत होती.

१९७६ मध्ये ‘एरियल ५’ या ब्रिटिश उपग्रहाला ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकासमूहात तापलेल्या लोखंडाची वर्णरेषा सापडली आणि शंका उरली नाही. समूहांच्या पोटात कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला आहे. ‘कोमा’ या समूहात तर तापमान ९ कोटी अंशांच्या घरात जाते. अशा बड्या समूहात या वायूचे वस्तुमान सगळ्या दीर्घिकांतल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा जास्त भरते. जियाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळाले, आणि दीर्घिकासमूह म्हटले की केंद्राभोवतीचा तप्त वायू, हे समीकरण पाठ्यपुस्तकांत पक्के झाले.

या सगळ्यात थंड वायू मागे पडला. थंड म्हणजे किती? इथली मापे वेगळी आहेत. दीर्घिकेच्या तबकडीतला हायड्रोजन शंभर अंश केल्व्हिनपासून काही हजार अंशांपर्यंत असतो. समूहांच्या सीमेवर तरंगणारा वायू दहा हजार ते लाखभर अंशांचा असतो, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही गरम. पण कोटीच्या शेजारी त्याला थंडच म्हणायचे. तारे जन्मतात ते मात्र थंड वायूपासून. तप्त वायू आकुंचन पावत नाही, त्यातून तारे घडत नाहीत. म्हणून एखाद्या दीर्घिकेचे भवितव्य विचारायचे असेल, तर तिच्याजवळ थंड हायड्रोजन किती उरला आहे ते विचारावे. समूहांच्या बाबतीत हा प्रश्न चाळीस वर्षे धसाला लावला गेला, आणि उत्तर प्रत्येक वेळी केंद्रापासून दूर, वेशीवर सापडत गेले.

उहुरूच्या नोंदी ताज्या असतानाच, १९७२ मध्ये, जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी एक साधा हिशोब मांडला. आपल्या आकाशगंगेसारखी एखादी सर्पिल दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या वेगाने या तप्त वायूत शिरली तर काय होईल? दुचाकी दामटणाऱ्याच्या खांद्यावरचे उपरणे मागे फडफडते, तोच प्रकार. वायू कितीही विरळ असला तरी दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर दाब चौपट. ताऱ्यांना त्याने काही होत नाही, ते फार घट्ट गोळे आहेत. पण दीर्घिकेच्या तबकडीतला वायू, त्यातही कडेचा, जिथे तिच्या गुरुत्वाची पकड सैल असते, तो सोलून निघतो.

हे तपासायला लागणारी रेषा तोवर हाताशी आली होती. उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर अतिशय मंद रेडिओ लहरी सोडत असला पाहिजे, हे भाकीत हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट यांनी १९४४ मध्ये केले होते, जर्मनांच्या ताब्यातल्या लायडनमध्ये. १९५१ मध्ये हार्वर्डला हॅरल्ड युइन आणि एडवर्ड पर्सेल यांनी प्रयोगशाळेच्या खिडकीबाहेर एक मोठा कर्णा बसवून ती लहर पकडली. पाऊस आला की त्या कर्ण्यातून पाणी आत शिरे, आणि हिवाळ्यात विद्यार्थी त्यात नेम धरून बर्फाचे गोळे टाकत.

१९७३ मध्ये डेव्हिस आणि लुइस यांनी कन्या समूहातल्या सर्पिल दीर्घिकांत हायड्रोजन कमी पडतो असे दाखवले. पुढे पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवर रिकार्डो जिओव्हानेली आणि मार्था हेन्स या जोडीने हे काम अक्षरशः वर्षानुवर्षे रेटले. कन्या समूह आपल्यापासून साधारण साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे, आणि त्याच्या केंद्रात एम८७ ही प्रचंड दीर्घिका बसली आहे. एम८७च्या जवळच्या दीर्घिकांच्या हायड्रोजन तबकड्या बाहेरून कातरल्यासारख्या आखूड निघाल्या, लांबच्यांच्या धडधाकट. १९८५ मध्ये दोघांनी नऊ समूहांची तुलना छापली. काहींत तूट ठळक, काहींत जवळजवळ नाहीच. गन-गॉट यांचा हिशोब ढोबळमानाने बरोबर ठरत होता. पण १९८० मध्येच लार्सन, टिन्स्ले आणि कॉल्डवेल यांनी दुसरी शक्यता पुढे केली होती. तबकडीला हात लावायचीही गरज नाही. दीर्घिकेभोवती जो वायूचा राखीव साठा असतो तेवढा काढून घेतला, की ती हातातला हायड्रोजन ताऱ्यांत खर्च करते आणि हळूहळू उपाशी मरते. सोलणे की उपासमार, हा वाद तिथून सुरू झाला.

अरेसिबोवर निरीक्षणाची पद्धत ठरलेली होती. काही मिनिटे दुर्बीण दीर्घिकेवर रोखायची, मग तेवढाच वेळ शेजारच्या रिकाम्या आभाळावर, आणि दुसरी नोंद पहिलीतून वजा करायची. यंत्राचा स्वतःचा गोंगाट दोन्हीकडे सारखाच, तो निघून जातो; उरतो तो दीर्घिकेचा संदेश. यात एक मेख आहे. रिकाम्या म्हणून निवडलेल्या जागी काही असलेच, तर वजाबाकीत तिथे उंचवट्याऐवजी खड्डा दिसतो. १९८९ मध्ये जिओव्हानेली आणि हेन्स यांना अशाच रिकाम्या आभाळात हायड्रोजनचा एक अवाढव्य ढग मिळाला, कन्या समूहाच्या दक्षिण सीमेकडे. फोटोत त्या जागी डोळ्यांत भरेल असे काहीही नव्हते. अजून न घडलेली दीर्घिका सापडली की काय, अशी हवा झाली. लवकरच त्यातल्या एका गोळ्यात एक फिकी बटू दीर्घिका निघाली आणि चर्चा ओसरली. पण समूहाच्या केंद्रात मागूनही न मिळणारा थंड वायू सीमेवर असा न शोधता हाती लागतो, हे ध्यानात आले.

खरा तमाशा व्हायला आणखी पंधरा वर्षे गेली. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँकच्या ७६ मीटरच्या लव्हेल दुर्बिणीने कन्या समूहाची पाहणी करताना कार्डिफच्या चमूला एक हायड्रोजनचा ढग मिळाला, आणि २००४ मध्ये त्यांनी तो जाहीर केला. नाव, व्हर्गोएचआय२१. वस्तुमान सुमारे दहा कोटी सूर्यांइतके. तारे शून्य. ढगाच्या एका बाजूचा वायू दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळ्या गतीने सरकत होता. तो स्वतःभोवती फिरत असेल तर त्याला बांधून ठेवायला हायड्रोजनच्या कित्येक पट अदृश्य वस्तुमान लागणार. २००५च्या फेब्रुवारीत रॉबर्ट मिंचिन आणि सहकाऱ्यांनी स्पष्टच म्हटले, की ही ताऱ्यांविना असलेली काळी दीर्घिका आहे. जगभरच्या वर्तमानपत्रांना यापेक्षा चांगला मथळा कुठून मिळणार? हबल दुर्बिणीने त्या जागेचे खोल चित्र घेतले. तिथे खरोखरच काही नव्हते.

हेन्स आणि जिओव्हानेली यांना मात्र ढगाच्या शेजारणीचा संशय होता. एनजीसी ४२५४, म्हणजेच एम९९, ही सर्पिल दीर्घिका जवळच आहे, आणि तिचा एक हात बाकीच्यांपेक्षा वेडावाकडा ताणलेला आहे, हे पूर्वीपासून माहीत होते. अरेसिबोवर २००५ पासून सात ठिकाणी एकदम पाहणारे नवे ग्राहक यंत्र लावून ‘अल्फाल्फा’ नावाची मोठी पाहणी सुरू झाली होती. कार्डिफच्या चमूने ढगाकडे बारकाईने पाहिले होते. अल्फाल्फाने त्याच्या आजूबाजूचे सगळे रान पाहिले. २००७ मध्ये नकाशा आला. व्हर्गोएचआय२१ हा वेगळा ढग नव्हताच. एम९९पासून निघालेले हायड्रोजनचे एक शेपूट सुमारे आठ लाख प्रकाशवर्षे लांब पसरले होते, आणि हा त्यातला फक्त एक दाट तुकडा. फिरणे वाटत होते ते शेपटाच्या लांबीभर बदलत जाणारा वेग होता. पुढच्याच वर्षी पियेर-आलें द्यूक आणि फ्रेदेरिक बूर्नो यांनी संगणकावर दोन दीर्घिकांची भरधाव भेट घडवून तसलेच शेपूट काढून दाखवले: जवळून जाणारी दुसरी दीर्घिका ओढ लावून निघून जाते, आणि ओढलेला वायू लोंबत राहतो.

कार्डिफच्या मंडळींनी लगेच हार मानली नाही. माझ्या मते त्यांचा दावा चुकला तरी वाया गेला नाही. तो केला नसता तर त्या आठ लाख प्रकाशवर्षांच्या शेपटाकडे एवढ्या लगबगीने कोणी वळले असते असे वाटत नाही. आणि महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एम९९ ही एम८७पासून तीसेक लाख प्रकाशवर्षांवर, समूहाच्या बाहेरच्या पट्ट्यात आहे. ती बहुधा पहिल्यांदाच आत शिरते आहे. म्हणजे दीर्घिकेची पडझड केंद्रात पोचण्याच्या कितीतरी आधी सुरू होते.

त्याच २००७ मध्ये याला बळकटी मिळाली. न्यू मेक्सिकोतल्या व्हीएलए या दुर्बिणींच्या मेळ्याने आएरी चुंग, जॅकलिन व्हान गोर्कोम आणि सहकारी कन्या समूहातल्या निवडक दीर्घिकांच्या हायड्रोजनचे बारीक नकाशे काढत होते. त्यांतल्या सात सर्पिलांना एकाच बाजूला लांब शेपटे निघाली. सातही दीर्घिका एम८७पासून साधारण २० ते ३३ लाख प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात होत्या आणि सगळ्यांची शेपटे एम८७च्या उलट दिशेला वळलेली. हे उपरणे आत शिरणाऱ्यांचे होते. केंद्राजवळच्या दीर्घिकांकडे फडफडायला काही उरलेलेच नव्हते.

हे झाले आजचे. पूर्वी काय होते? १९७८ मध्ये हार्वे बुचर आणि ऑगस्टस ओम्लर यांना दूरच्या, म्हणजे जुन्या काळच्या, समूहांत निळ्या दीर्घिका आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त आढळल्या होत्या. निळी दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची नवी पैदास, आणि पैदास म्हणजे थंड वायू. तो वायू प्रत्यक्ष मोजायचा तर २१ सेंटिमीटरची रेषा अब्जावधी प्रकाशवर्षांवरून ऐकावी लागणार, आणि तेवढ्या अंतरावरून एकेका दीर्घिकेचा आवाज कोणत्याच दुर्बिणीला येत नव्हता.

इथे गोष्ट जुन्नर तालुक्यात येते. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेली जीएमआरटी ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी ४५ मीटरच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या. तबकडी भरीव पत्र्याची नाही. दोरांच्या सांगाड्यावर ताणलेली पोलादी तारेची बारीक जाळी आहे. खाली उभे राहिले तर तिच्यातून आभाळ दिसते. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका चालतो आणि खर्च कमी येतो. हातभर लांबीच्या रेडिओ लहरींना मात्र ही जाळी भरीव भिंतीसारखीच लागते.

ऑस्ट्रेलियातले फिलिप लाह आणि फ्रँक ब्रिग्ज, पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातले जयराम चेंगलूर आणि आणखी काही सहकारी यांनी तिमिंगल तारकासमूहातला एबेल ३७० हा समूह निवडला. त्याचा प्रकाश निघाला तेव्हापासून सुमारे ४०० कोटी वर्षे लोटली आहेत. विश्वाच्या प्रसरणामुळे २१ सेंटिमीटरची लहर इथे पोचेपर्यंत सुमारे २९ सेंटिमीटरची होते, म्हणजे वारंवारिता १४२० मेगाहर्ट्झवरून १०३७ च्या आसपास उतरते. त्याच टापूत विमानांची अंतर मोजणारी यंत्रणाही बोलत असते. एकेक दीर्घिका ऐकू येणार नाही हे पहिल्यापासून ठाऊक होते. म्हणून त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीवर ३२४ दीर्घिकांची ताम्रसृती, म्हणजे वर्णरेषा तांबड्याकडे किती सरकल्या आहेत ते, नेमकी मोजून घेतली. त्यावरून प्रत्येकीचा हायड्रोजन कोणत्या वारंवारितेवर बोलणार ते ठरले. मग खोडदच्या नोंदींतून प्रत्येकीच्या जागेचा आणि वारंवारितेचा तुकडा कापून सगळे तुकडे एकावर एक ठेवून बेरीज केली. गोंगाट कधी वर कधी खाली, बेरजेत तो बराचसा एकमेकांना खातो. संदेश प्रत्येक तुकड्यात त्याच जागी, तो साठत जातो.

२००९ मध्ये निकाल छापला. ३२४ दीर्घिकांत सरासरी ६६० कोटी सूर्यांइतका हायड्रोजन, अधिक-उणे ३५०. त्यांतल्या १०५ निळ्या दीर्घिकांत सरासरी १,९०० कोटी, अधिक-उणे ६५०. चुकीचा वाव मोठा आहे. पहिल्या आकड्याच्या तर निम्म्याहून अधिक. तो लपवलेला नाही, आणि वाचणाऱ्यानेही विसरू नये. तरीही एकूण बेरीज कोमासारख्या तेवढ्याच मोठ्या, जवळच्या समूहाच्या आठ पटींपर्यंत जात होती. गाभ्याजवळच्या दीर्घिकांत हायड्रोजन कमी, लांबच्यांत जास्त, हा आजचा क्रम तेव्हाही तसाच होता. ४०० कोटी वर्षांपूर्वी समूहाभोवती थंड वायूचा भलामोठा साठा पडून होता, आणि ज्या वेगाने तिथे तारे घडत होते त्या वेगाने तो आजवर सहज संपला असता. सगळे काही सोलूनच नेले पाहिजे असे नाही, खाऊनही संपते. उपासमारीची शक्यता मांडणाऱ्यांपैकी टिन्स्ले हे पाहायला नव्हत्या, १९८१ मध्येच त्या गेल्या.

इथवर सगळा वायू दीर्घिकांतला, किंवा दीर्घिकांतून ओढलेला. कोणत्याच दीर्घिकेचा नसलेला, बाहेरून समूहात ओघळणारा थंड वायू असतो का? संगणकावरची विश्वे असतो म्हणत होती. पण असा वायू रेडिओ दुर्बिणीच्या आवाक्यातल्या हायड्रोजनपेक्षा दहा हजार ते दहा लाख पटींनी विरळ. तो स्वतःच्या उजेडाने दिसत नाही. दुसऱ्याच्या उजेडात त्याची सावली तेवढी शोधता येते.

त्यासाठी पार्श्वभूमीला दिवा लागतो, आणि क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचे अतिप्रखर केंद्र, हा विश्वातला उत्तम दिवा. समूहाच्या मागे, कितीतरी दूर असलेल्या क्वेसारचा प्रकाश समूहातून येताना वाटेतला हायड्रोजन त्यातली १२१६ अँगस्ट्रॉमची अतिनील लहर गिळतो आणि वर्णपटात एक बारीक काळी रेषा पडते. अतिनील प्रकाश जमिनीवर पोचत नाही. मे २००९ मध्ये अंतराळवीरांनी हबलवर शेवटच्या दुरुस्तीच्या वेळी ‘सीओएस’ हा नवा वर्णपटमापक बसवला, आणि फिक्या क्वेसारवरही हे करता येऊ लागले. कोलंबिया विद्यापीठातल्या जू हॉन यून, मेरी पुटमन आणि सहकाऱ्यांनी कन्या समूहाच्या टापूतले २३ क्वेसार घेतले. अडचण घरचीच होती. आपल्या आकाशगंगेतला हायड्रोजन तीच लहर इतकी खातो, की शून्याजवळच्या वेगांची रेषा त्याच्या काळोखात बुडते. म्हणून सेकंदाला ७०० किलोमीटरहून जास्त वेगाने दूर जाणाऱ्या वायूवरच त्यांना समाधान मानावे लागले.

२०१२ मध्ये त्यांनी २५ रेषा जाहीर केल्या. त्या आकाशाच्या नकाशावर मांडल्या आणि क्ष-किरणांच्या नकाशाशेजारी धरल्या, तर वायू तप्त भाग टाळून उभा असलेला दिसतो. जास्त दाट रेषा समूहाच्या कडेला आणि तिथल्या उपसमूहांच्या आसपास. समूहाकडे ओघळत येणारा हा वायू वेशीपर्यंत थंड राहतो, आत शिरला की तापून क्ष-किरणांच्या राज्यात जमा होतो. दुसऱ्या वर्षी यून आणि पुटमन यांनी दीर्घिकांभोवतीचा साठा तपासला. समूहातल्या दीर्घिकांभोवती तो बाहेरच्यांपेक्षा कमी भरला. १९८० च्या उपासमारीच्या कल्पनेला, बत्तीस-तेहतीस वर्षांनी, निरीक्षणाचा आधार मिळाला.

या पद्धतीची मर्यादा उघड आहे. क्वेसार असेल तिथेच सावली. २३ क्वेसार म्हणजे एवढ्या मोठ्या समूहाला पाडलेली २३ भोके. त्यांच्या मधले काय, हे अजून संगणकालाच विचारावे लागते. अरेसिबोची दुर्बीण १ डिसेंबर २०२० रोजी कोसळली. बेरजेची युक्ती मात्र रुजली: २०२० मध्येच आदित्य चौधरी, निस्सीम काणेकर, चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी सुधारलेल्या जीएमआरटीवर ७,६५३ दीर्घिकांची बेरीज करून एबेल ३७०च्याही कितीतरी पलीकडचा हायड्रोजन मोजला. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या एसकेए दुर्बिणीसाठी भारताने १,२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत. समूहांच्या वेशीवरचे एकेकट्या दीर्घिकेचे शेपूट दूरवरून पाहायचे काम तिच्याकडे जाईल. तोवर ज्यांना हे यंत्र हाताच्या अंतरावरून पाहायचे आहे त्यांनी खोडदला जावे. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरते, दुर्बीण सर्वांना खुली असते, आणि तबकडीखाली उभे राहून प्रश्न विचारायला कोणी मनाई करत नाही.